मुरलेले बीड : टर्बो इंजिनासाठी ब्लॉकची निवड आणि पुनर्बांधणी

प्रास्ताविक

इतिहासाच्या शिक्षकाकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला जातो, तेव्हा एखादे राजघराणे, एखादी चळवळ किंवा एखादा शिलालेख हा विषय अपेक्षित असतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक हा आहे. यामागे कारण आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आयटीआयचे शिक्षण घेऊन आज गॅरेजमध्ये, लेथवर, फाउंड्रीत काम करीत आहेत. डॉक्टर, वकील, अधिकारी झालेल्यांचा गौरव आपण दरवेळी करतो, आणि तो केलाच पाहिजे. परंतु मायक्रोमीटर हाती धरणाऱ्या विद्यार्थ्याच्या विद्येचा अभ्यास आपण क्वचितच करतो. ती उणीव थोडीफार भरून काढावी, हा या लेखनाचा हेतू आहे.

लेखाला निमित्त घडले ते असे. आमचा एक माजी विद्यार्थी चांगला मोटार मेकॅनिक आहे. बंदिस्त ट्रॅकवर चालविण्यासाठी एका जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवावा, ही त्याची अनेक वर्षांची इच्छा. त्यासाठी त्याने एका वर्कशॉपमधून 'नव्यासारखा' करून दिलेला ब्लॉक विकत घेतला. रंग चकचकीत होता, बोअर आरशासारखे दिसत होते. 'सगळे मोजून दिले आहे,' असे त्याला सांगण्यात आले. मोजमापांचा कागद मात्र त्याला मिळाला नाही आणि त्यानेही तो मागितला नाही. गाडी सुरू झाली आणि दीड महिन्यात इंजिनातील ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले. पाणी ऑइलमध्ये उतरले होते. इंजिन उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीत केसाएवढी चीर सापडली. त्याची दोन वर्षांची शिल्लक त्या चिरेतून वाहून गेली.

तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आता सगळे सांगतात की नवा ब्लॉक घेऊच नको, लाखभर किलोमीटर चाललेला जुनाच घे. फॉर्म्युला वनवालेसुद्धा जुनाच घ्यायचे म्हणे. हे खरे आहे का?"

आम्ही त्याला म्हणालो, "तू इंजिन जाणतोस, आम्हांला साधने तपासण्याची सवय आहे. दोघे मिळून पाहू." त्या पाहण्यातून जे हाती आले ते येथे क्रमाने मांडत आहोत.

१. ब्लॉक म्हणजे काय, आणि टर्बो त्याच्याकडून काय मागतो

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा. पिस्टन ज्यांत वरखाली होतात ते सिलिंडर, त्यांच्याभोवती पाणी खेळविणाऱ्या पोकळ्या, ऑइल नेणाऱ्या वाहिन्या आणि खाली क्रँकशाफ्टला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या बैठका, हे सारे एकाच ओतकामात असते. माथ्यावर हेड बसते, तळाला ऑइलचे चेंबर. पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे भाग बदलता येतात. ब्लॉक बिघडला तर मात्र इंजिनच बदलावे लागते.

टर्बोचार्जरची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे आहे. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंत बरीच शक्ती शिल्लक असते. त्या वायूंनी एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, असे हे तत्त्व आहे. हवा जास्त भरली की इंधनही जास्त जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते.

परंतु ही शक्ती फुकट मिळत नाही. एक साधे गणित मांडून पाहू. ८२ मि.मी. व्यासाच्या पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस सें.मी. भरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमध्ये ६० बार दाब निर्माण झाला, तर पिस्टनवर सुमारे सव्वातीन टन भार येतो. टर्बोमुळे तोच दाब १०० बारपर्यंत गेला, तर भार साडेपाच टनांच्या जवळ पोहोचतो. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये असा तडाखा सेकंदाला ५० वेळा बसतो.

हा भार नेमका कोठे जातो, हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्वलनाचा दाब पिस्टनला खाली ढकलतो तसाच हेडला वर उचलतो. हेडचे बोल्ट ब्लॉकला वर खेचतात, क्रँक मेन बेअरिंगच्या कॅपांना खाली दाबतो. मधल्या मध्ये ब्लॉक दोन्हीकडून ताणला जातो. त्याच वेळी सिलिंडरच्या भिंती बाहेर फुगू पाहतात. वाढलेल्या उष्णतेची भर वेगळीच. म्हणून टर्बो इंजिनाचा विचार टर्बोपासून नव्हे, तर ब्लॉकपासून सुरू झाला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याने टर्बो निवडायला सहा महिने घेतले होते आणि ब्लॉक निवडायला एक दुपार.

२. म्युनिकचे उदाहरण

'फॉर्म्युला वनवाले जुनाच ब्लॉक घ्यायचे' ही जी वदंता गॅरेजांतून फिरते, तिचे मूळ जर्मनीतील म्युनिक शहरात, बीएमडब्ल्यू कंपनीत आहे. ती हकिकत तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

१९६० च्या सुमारास ही कंपनी मोठ्या आर्थिक संकटातून सावरत होती. मध्यम आकाराच्या एका नव्या मोटारीवर तिचे भवितव्य अवलंबून होते. त्या मोटारीसाठी चार सिलिंडरचे नवे इंजिन तयार करण्याची जबाबदारी अलेक्स फॉन फाल्केनहाउजेन यांच्यावर आली. व्यवस्थापनाची अपेक्षा १.३ लिटरच्या इंजिनाची होती. फाल्केनहाउजेन यांनी किमान १.५ लिटरचा आग्रह धरला आणि पुढे आकार वाढविता यावा म्हणून ब्लॉकमध्ये मुळातच जागा राखून ठेवली. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर १०० मि.मी. ठेवण्यात आले. क्रँकला पाच मेन बेअरिंग देण्यात आली. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे होते. १९६२ साली विक्रीस आलेल्या 'बीएमडब्ल्यू १५००' मोटारीत हे इंजिन ८० अश्वशक्ती देत असे.

हेच इंजिन पुढे एम-१० या नावाने ओळखले गेले. त्याच ब्लॉकच्या घराण्यात १.६, १.८ आणि २ लिटरची इंजिने निघाली. उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालले आणि ३५ लाखांहून अधिक इंजिने तयार झाली. १९७३ साली याच घराण्यातील २ लिटर इंजिनाला टर्बो बसवून 'बीएमडब्ल्यू २००२ टर्बो' ही १७० अश्वशक्तीची मोटार बाजारात आली. तेल संकटाच्या काळात ती सापडली आणि जेमतेम १,६७२ गाड्यांनंतर तिचे उत्पादन थांबले. परंतु साधा बिडाचा ब्लॉक टर्बोचा भार पेलू शकतो, ही गोष्ट कंपनीला तेव्हा रस्त्यावरही दिसली होती.

शर्यतीच्या मैदानातही हा ब्लॉक उतरला होता. फॉर्म्युला टू प्रकारात १९७२ पासून दोन लिटरची, सर्वसाधारण उत्पादनातील ब्लॉकवर आधारलेली इंजिने वापरण्याचा नियम होता. पॉल रोशे यांनी एम-१० च्या ब्लॉकवर सोळा झडपांचे हेड बसवून शर्यतीचे इंजिन तयार केले आणि १९७३ साली ज्याँ-पिएर जारिए यांनी त्याच्या बळावर युरोपीय विजेतेपद पटकाविले.

फॉर्म्युला वनचा नियम त्या वेळी असा होता की, टर्बोविना इंजिन ३ लिटरपर्यंत चालेल, पण हवा दाबून भरणारे इंजिन १.५ लिटरच्या आत हवे. १९७७ साली रेनॉ कंपनीने सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन घेऊन या शर्यतींत पहिले पाऊल टाकले. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये उतरण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा रोशे यांनी नवा ब्लॉक ओतविला नाही. रस्त्यावरच्या गाडीचा एम-१० ब्लॉकच त्यांनी पायाला घेतला.

येथे एक तुलना बोलकी आहे. १९६२ च्या मूळ इंजिनाचा बोअर ८२ मि.मी. आणि स्ट्रोक ७१ मि.मी. होता. रोशे यांच्या फॉर्म्युला वन इंजिनाचा बोअर ८९.२ मि.मी. आणि स्ट्रोक ६० मि.मी. होता. दोन्हींचा आकार जवळपास सारखाच, दीड लिटरच्या आत. पण बोअर वाढूनही शेजारच्या दोन सिलिंडरांमध्ये १०.८ मि.मी. बीड शिल्लक राहिले, कारण मूळच्या आराखड्यात १०० मि.मी. अंतर राखलेले होते. वीस वर्षांपूर्वी ठेवलेली ती शिलकीची जागा अशी कामी आली.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. १९८२ च्या जून महिन्यात नेल्सन पिके यांची ब्रॅबहॅम-बीएमडब्ल्यू गाडी डेट्रॉइटच्या शर्यतीस पात्रही ठरली नाही, आणि पुढच्याच रविवारी मॉंट्रियल येथे त्याच पिके यांनी या इंजिनाचा पहिला विजय मिळविला. १५ ऑक्टोबर १९८३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे हंगामाची अखेरची शर्यत झाली. पिके यांचे ५९ गुण झाले, अलाँ प्रॉस्ट यांचे ५७. टर्बो इंजिनावर जगज्जेतेपद मिळविणारे पिके हे पहिले चालक ठरले. त्या इंजिनाच्या पहिल्या शर्यतीपासून त्या दिवसापर्यंत ६३० दिवस झाले होते. १९८३ च्या शर्यतींत हे इंजिन सुमारे ६४० अश्वशक्ती देत होते, आणि १९८६ च्या पात्रता फेऱ्यांत ते १,२०० च्या पुढे गेल्याचे मानले जाते. ज्या ब्लॉकने आयुष्याची सुरुवात ८० अश्वशक्तीने केली, त्याच्या वंशातील ही मजल आहे.

३. आख्यायिकेची छाननी

आता विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रोशे यांचे सहकारी नवे ब्लॉक न घेता लाखभर किलोमीटर चाललेल्या गाड्यांचे ब्लॉक निवडीत, ही हकिकत या इंजिनाबद्दल सर्वत्र सांगितली जाते. तिला पुढे अनेक फांद्या फुटल्या. ब्लॉक हिवाळाभर उघड्यावर बर्फात ठेवीत, असे कोणी सांगतो. कामगार त्यांवर काय करीत, याचेही किस्से आहेत. ते शालेय स्मरणिकेत लिहिण्याजोगे नाहीत.

इतिहासाचा विद्यार्थी अशा वेळी दोन प्रश्न विचारतो. सांगणारा कोण, आणि सांगितलेली गोष्ट वस्तूच्या स्वभावाशी जुळते का? किश्शांची रंगत वाढते तसतसा त्यांचा पुरावा पातळ होतो. परंतु मूळ हकिकतीतील 'वापरलेला ब्लॉक' हा भाग बिडाच्या स्वभावाशी अगदी जुळतो. तो कसा, हे फाउंड्रीत काम केलेल्या आमच्या वाचकांना चटकन पटेल.

वितळलेले बीड साच्यात ओतले की ते सर्वत्र सारख्या वेगाने थंड होत नाही. पातळ भाग लवकर गोठतो आणि आकसतो. जाड भाग मागाहून गोठतो आणि आकसू लागतो, तेव्हा आधीच ताठ झालेला पातळ भाग त्याला अडवितो. परिणामी जाड भागात खेच आणि पातळ भागात दाब कायमचा अडकून राहतो. यास अवशिष्ट ताण म्हणतात. बाहेरून ओतकाम शांत दिसते, आत मात्र रस्सीखेच चालू असते. अशा ब्लॉकचा थोडा भाग मशीनवर कापला, की रस्सीखेचीचा तोल बिघडतो आणि ब्लॉक किंचित वाकतो. काल गोल असलेला बोअर आज लंबगोल निघतो. पुढे इंजिन तापून थंड होताना ताण हळूहळू सुटतात आणि आकार आणखी बदलतो.

जो ब्लॉक वर्षानुवर्षे गाडीत तापला आणि निवला, त्याचे हे वाकणे बहुतांशी होऊन गेलेले असते. तो मुरलेला असतो. त्यावर आता अचूक मशीनिंग केले, तर ते माप टिकण्याची शक्यता अधिक. शिवाय ओतकामात मोठा दोष असता, तर तो इतक्या प्रवासात बहुधा उघड झाला असता. जुन्या ब्लॉकच्या बाजूने एवढे खरे आहे.

परंतु याच्या पुढे जाऊन 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढणे चूक आहे. यंत्रे बनविणारे कारखानदार पूर्वी बिडाची ओतकामे महिनोन् महिने आवारात मुरत ठेवीत. परंतु नुसते उघड्यावर ठेवून ताण थोडाच सुटतो. तेच ओतकाम भट्टीत ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून, काही तास धरून, अगदी सावकाश थंड केले, तर ताणाचा मोठा भाग काही तासांत निघून जातो. म्हणजे गुण वयाचा नव्हे. ताण सुटणे हा गुण आहे आणि वय हा तो सुटण्याचा एक मार्ग आहे. कारण समजले की नव्या ब्लॉकलाही तो गुण देता येतो, आणि कारण न समजता जुना ब्लॉक उचलला तर त्याच्या वयासोबत त्याची गंज, झीज आणि चिराही पदरात पडतात.

हे सांगितल्यावर विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, मी नवा म्हणून विश्वास ठेवला ती चूक, आणि आता जुना म्हणून ठेवला तर तीही चूकच." आम्हांला वाटते, या लेखाचे सार त्याने आमच्याआधीच सांगितले.

४. निवड कशी करावी

ब्लॉक निवडताना प्रथम धातूचा विचार करावा. बीड जड असते, पण ताठ असते. त्यातील ग्राफाइटमुळे कंपने शोषली जातात आणि सिलिंडरच्या पृष्ठभागावर ऑइल टिकते. अॅल्युमिनियम हलके असते आणि उष्णता लवकर वाहून नेते, परंतु त्याला बहुधा बिडाचे लायनर लागतात आणि एकदा फार तापले तर त्याची ताकद घटते. अॅल्युमिनियमच्या काही ब्लॉकांत सिलिंडरांचे वरचे टोक चोहोबाजूंनी पाण्यात मोकळे उभे असते. अशा उघड्या माथ्याच्या रचनेत जास्त दाबाखाली सिलिंडर हलतात आणि गॅस्केट जाते. माथा बंद असलेली रचना टर्बोसाठी अधिक भरवशाची.

दुसरा विचार शिलकीचा. ज्या ब्लॉकला कंपनीने पुढे मोठे बोअर दिले आहेत किंवा ज्याच्यावर टर्बो वा डिझेल आवृत्ती काढली आहे, त्यात मुळातच जाडी राखलेली असण्याचा संभव असतो. बोअर जितका कमी कापावा लागेल तितका चांगला. साध्या गाडीच्या इंजिनाला शेवटच्या ओव्हरसाइज पिस्टनपर्यंत नेता येते, टर्बोसाठी तेच करणे म्हणजे भिंतच कातरणे होय.

तिसरा विचार पूर्वायुष्याचा. गाडी कधी तापून बंद पडली होती का, रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी घालीत होते का, बेअरिंग कधी वाजले होते का, हे विचारावे. शक्य असल्यास ब्लॉक गाडीत असतानाच इंजिन सुरू करून पाहावे. लाख किलोमीटर नीट चाललेला ब्लॉक आणि एकदाच जबर तापलेला ब्लॉक भंगार बाजारात शेजारी शेजारी पडलेले असतात आणि दोघांवर धूळ सारखीच असते.

यानंतर तोंडी माहिती बाजूला ठेवून तपासणी सुरू करावी. तिचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(अ) स्वच्छता : पाण्याच्या पोकळ्यांच्या टोप्या आणि ऑइलच्या वाहिन्यांचे प्लग काढून ब्लॉक गरम रसायनात धुवावा. गंज आणि क्षार निघाल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी खरी नव्हे.

(आ) चिरांची तपासणी : बिडाच्या ब्लॉकवर चुंबकीय भुकटीची पद्धत वापरतात. चीर असेल तेथे भुकटी रेघ धरते. अॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून तेथे रंगद्रव्य झिरपविण्याची पद्धत वापरावी लागते. त्यानंतर पाण्याच्या सर्व वाटा बंद करून आत हवेचा दाब द्यावा आणि बुडबुडे निघतात का ते पाहावे.

(इ) भिंतीची जाडी : साच्यातील वाळूचा गाभा ओतताना किंचित सरकला, तर सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. डोळ्यांना हे कधीच दिसत नाही. अल्ट्रासोनिक यंत्राने प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि चार दिशांना मोजावा. पिस्टन ज्या बाजूला जोराने टेकतो त्या बाजूच्या जाडीकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या विद्यार्थ्याचा ब्लॉक याच ठिकाणी फसला होता. गाभा सरकलेला, त्यात बोअर मोठा केलेला, त्यात टर्बोचा दाब.

(ई) मेन बेअरिंगच्या बैठका : कॅपा त्यांच्या मूळ जागी आणि मूळ दिशेने बसवून, टॉर्क रेंचने आवळून मगच बैठकांचे व्यास मोजावेत. सर्व बैठका एका रेषेत नसतील तर लाइन होनिंग करावे लागते.

(उ) माथ्याची सपाटी : धारदार सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फीलर गेज जातो का ते पाहावे. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत ०.०५ ते ०.१ मि.मी. च्या दरम्यान मर्यादा दिलेली असते. आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहून निर्णय घ्यावा.

या पाच तपासण्यांत ब्लॉक नापास झाला, तर त्याला तेथेच निरोप द्यावा. तपासणीचा खर्च वाया गेला असे वाटते. वास्तविक तोच खर्च पुढचा मोठा खर्च वाचवितो.

५. पुनर्बांधणीतील कळीच्या बाबी

पास झालेला ब्लॉक आता मशीन शॉपमध्ये जातो. येथे पिस्टन आधी आणि बोअर नंतर, हा नियम पाळावा. पिस्टन हाती आल्यावर प्रत्येकाचा व्यास मोजून त्याप्रमाणे बोअरचे अंतिम माप ठरवावे. टर्बोसाठी घेतलेले फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर अधिक प्रसरण पावतात, म्हणून त्यांना भिंतीपासून जास्त अंतर लागते. ते अंतर पिस्टनच्या उत्पादकाने दिलेले असते, अंदाजाने ठरवायचे नसते.

होनिंग करताना माथ्यावर टॉर्क प्लेट नावाची जाड पोलादी पाटी बसवून ती हेडइतक्याच जोराने आवळावी. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित आकार बदलतात. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. पाटी बसवून होनिंग केले, तर प्रत्यक्ष काम करताना बोअर गोल असतो. होनिंगच्या तिरप्या रेघा एकमेकींना सुमारे ४५ अंशांत छेदाव्यात, म्हणजे त्यांत ऑइल टिकते. बोअर आरशासारखा चमकत असेल, तर ती चमक ग्राहकासाठी असते, इंजिनासाठी नव्हे.

रिंगांच्या दोन टोकांतील फट हा टर्बो इंजिनातील फार नाजूक मुद्दा आहे. रिंग तापून लांबते. फट कमी असेल तर टोके एकमेकांवर आदळतात, रिंग अडकते आणि पिस्टनचा काठ तुटतो. म्हणून टर्बोसाठी ही फट साध्या इंजिनापेक्षा जास्त ठेवतात. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये सरळ बसवून फट मोजावी.

दाब वाढवून भरलेली हवा आणखी दाबली की इंधन अवेळी पेटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन पूर्वापार कमी ठेवीत आले आहेत. उपर्युक्त 'बीएमडब्ल्यू २००२ टर्बो' मध्ये ते ६.९ ला १ इतके होते. आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे अधिक ठेवता येते, परंतु ते पिस्टनची निवड करतानाच ठरवावे लागते. माथा किंवा हेड मनमानीने घासून घेतले, तर कॉम्प्रेशन नकळत वाढते.

बेअरिंगमधील ऑइलची फट ५० मि.मी. व्यासाच्या जर्नलला साधारण ०.०५ मि.मी. असावी, असा जुन्या कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. तो पुस्तिकेशी पडताळून पाहावा. टर्बोला ऑइल पुरविणारी नळी स्वच्छ हवी आणि ते ऑइल परत चेंबरमध्ये आपल्या वजनाने उतरेल अशी परतीची वाट रुंद आणि उताराची हवी.

शेवटची बाब सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मशीनिंग झालेला ब्लॉक साबण घातलेल्या गरम पाण्याने आणि ब्रशने घासून धुवावा. मग ऑइलचा बोळा पांढऱ्या कापडाचा करून बोअरमधून फिरवावा. कापड करडे निघाले तर पुन्हा धुवावा. पांढरे निघेपर्यंत धुवावा. होनिंगची बारीक कुरुंद बोअरमध्ये राहिली, तर नव्या रिंगा आणि बेअरिंग ती पहिल्याच दिवशी खाऊन टाकते.

येथे कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. अशी प्रकल्पगाडी बंदिस्त ट्रॅकसाठीच बांधावी, सार्वजनिक रस्त्यावर आणू नये.

समारोप

आमच्या विद्यार्थ्याने त्यानंतर तीन जुने ब्लॉक पाहिले. पहिल्याला मेन बेअरिंगजवळ चीर निघाली. दुसऱ्याची भिंत एका बाजूला पातळ होती. तिसरा सर्व तपासण्यांत उतरला. त्याच्या कामाची वही तो आम्हांला दाखवायला घेऊन आला होता. चार सिलिंडर, तीन उंची, चार दिशा अशी अठ्ठेचाळीस मापे त्याने स्वतःच्या हाताने, तारखेसह लिहिली होती. वसतिगृहात असताना त्याच्या वहीत इतके नीटनेटके अक्षर आम्ही कधी पाहिले नव्हते, हेही येथे कौतुकाने नमूद करतो.

म्युनिकच्या हकिकतीतून अनेक जण एवढेच उचलतात की जुना ब्लॉक चांगला. आमच्या मते तीतून घेण्यासारखे आहे ते निराळे. फाल्केनहाउजेन यांनी आजच्या गरजेपुरते न पाहता जागा राखून ठेवली, आणि रोशे यांनी हाताशी असलेल्या साध्या ब्लॉकची योग्यता ओळखली. 'रस्त्यावरच्या गाडीचा ब्लॉक शर्यतीला कसा चालेल' या शंकेने त्यांनी त्याला आधीच बाद ठरविले नाही. ब्लॉक कोणत्या गाडीतून आला यावरून त्याची किंमत ठरत नाही, तो तपासणीत काय दाखवितो यावरून ठरते.

ज्या माजी विद्यार्थ्यांचे स्वतःचे गॅरेज वा मशीन शॉप आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. ग्राहकाला ब्लॉक परत देताना मापांचा कागद सोबत द्या, सही करून द्या. आणि जे ग्राहक आहेत त्यांनी तो मागावा, मागताना संकोच करू नये. आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या वेळी तो मागितला असता, तर त्याची दोन वर्षांची शिल्लक वाचली असती. आता तो स्वतःच्या ग्राहकांना असा कागद देतो. त्याची कार्बन प्रत त्याच्याकडे फाइलला लावलेली असते.

गाडी तयार झाली की तो आम्हांला ट्रॅकवर घेऊन जाणार आहे. शेजारच्या सीटवर बसण्याचे वय आता राहिले नाही, असे आम्ही त्याला सांगितले आहे. इंजिनाचा आवाज मात्र कठड्याबाहेर उभे राहून नक्की ऐकू.